बदलीच्या गावाचे देणे

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य इतके रुळले आहे, की ते उच्चारताना त्याला आता विचारही करावा लागत नाही. 'आम्ही काय, बदलीचे लोक!' गावातल्या ग्रंथालयाची वर्गणी मागावयास कोणी आले, वॉर्डातल्या पाण्याच्या प्रश्नावर सभा भरली, प्रांतभाषेची लिपी शिकण्याचा विषय निघाला, की हे वाक्य पुढे येते. बोलणारा विनयाने बोलतो, ऐकणारा सहानुभूतीने मान हलवितो, आणि दोघेही आपापल्या घरी जातात. ज्या गावाचे पाणी आपण पाच-सात वर्षे पितो त्या गावाचे आपण काही लागत नाही, असा एक सोयीस्कर ठराव जणू आपण एकमताने पास करून ठेवला आहे.

हा लेख त्या ठरावाविरुद्ध आहे. मी स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीतला कारकून आहे. नागपूर, भोपाळ, कानपूर अशी ठिकाणे करीत सध्या अहमदाबादेत येऊन पोचलो आहे. तेव्हा परक्यावर शस्त्र उचलण्याचा हा प्रकार नव्हे. माझ्या बाजूने मी एकच साक्षीदार उभा करणार आहे. तोही सरकारी नोकर होता, तोही बदलीचा माणूस होता, आणि त्याचे नाव आपण सर्व जण शाळेत शिकलो आहोत. तो साक्षीदार म्हणजे गोपाळ हरी देशमुख, अर्थात लोकहितवादी.

शाळेत आपण काय शिकलो? गोपाळरावांचा जन्म १८२३ साली पुण्यास झाला. त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहिली. ती संख्येने १०८ असली तरी 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. येथे धडा संपतो. पुढच्या पानावर जोतीराव फुले येतात, मग विष्णुशास्त्री चिपळूणकर येतात, आणि गोपाळराव कायमचे सत्तावीस वर्षांचे राहतात. १८५० साली लेखणी खाली ठेवून हा गृहस्थ जणू अंतर्धान पावला! वस्तुतः तो पुढे बेचाळीस वर्षे जगला. त्यातील बराच मोठा काळ तो मुंबई इलाख्यातील लहान-मोठ्या शहरांतून न्यायाधीशाचे काम करीत होता, आणि निवृत्त झाल्यावर मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झाला. त्याच्या आयुष्याचा हा भाग आमच्या वाङ्मयेतिहासाने एका वाक्यात उरकला आहे. कारण उघड आहे. त्यातले पुष्कळसे पुण्यामुंबईबाहेर घडले. जे पुण्यास घडले नाही ते मराठीत घडलेच नाही, अशी आमची एक जुनी समजूत आहे. आणि गंमत अशी, की पुण्याबाहेर आयुष्य काढणारे आम्हीच ती समजूत सर्वांत निष्ठेने पाळतो.

गोपाळरावांच्या नोकरीचा क्रम पाहा. दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी कारभार पाहणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. इंग्रजी शिकला आणि सरकारी कचेरीत भाषांतरकार म्हणून चिकटला. हातात कागद, समोर साहेब, आणि महिनाअखेर पगार. आपल्यापैकी कोणाला हे चित्र अनोळखी वाटेल? पुढे परीक्षा देऊन तो मुन्सफ झाला, वाईस राहिला, इनाम कमिशनच्या खात्यात गेला, आणि १८६० नंतरच्या दशकात न्यायखात्याने त्याला अहमदाबादेस पाठविले. तेथेच तो स्मॉल कॉज कोर्टाचा न्यायाधीश झाला.

हे कोर्ट म्हणजे काही मोठे दिमाखाचे आसन नव्हे. तेथे थोरामोठ्यांच्या जहागिरींचे वाद येत नसत. देण्याघेण्याचे लहान दावे, उधारी, भाडे, वाण्याचा चोपडा आणि कुणब्याचा अंगठा, असा तेथला व्यवहार. कामकाज थोडक्यात उरकावयाचे, आणि निकालावर सहसा अपील नाही. अशा न्यायाधीशाला कायद्याच्या ग्रंथांइतकीच गावाची भाषा अवगत असावी लागते. कारण ऋणको काय बोलतो यापेक्षा तो काय बोलत नाही हे ओळखण्यातच तेथे न्याय असतो, आणि ते दुभाष्याच्या तोंडून कधीच कळत नाही. गोपाळराव गुजराती शिकले हे कोणी म्हणेल पोटासाठी. मान्य! पण पोटापुरती भाषा शिकलेला माणूस त्या भाषेत ग्रंथ लिहीत नाही. गोपाळरावांनी 'आगमप्रकाश' आणि 'निगमप्रकाश' ही पुस्तके गुजरातीत लिहिली. 'हितेच्छु' या अहमदाबादच्या साप्ताहिकाच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला. गुजराती वक्तृत्वाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी जमविली. तेथील प्रार्थनासमाजाच्या आणि विधवाविवाहाच्या चळवळीत ते भोळानाथ साराभाई, महीपतराम रूपराम अशा गुजराती सुधारकांच्या बरोबरीने उभे राहिले. १८७४च्या अखेरीस स्वामी दयानंद सरस्वती अहमदाबादेस आले, तेव्हा त्यांचा पाठपुरावा करणाऱ्यांत हा मराठी न्यायाधीश अग्रभागी होता. स्वामींचा विश्वास त्याने असा संपादन केला, की पुढे त्यांनी स्थापिलेल्या परोपकारिणी सभेच्या विश्वस्तांत रानड्यांबरोबर गोपाळरावांचेही नाव आले.

गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी ही संस्था १८४८ साली अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने अहमदाबादेत स्थापन केली. तोही तेथे असिस्टंट जज्ज होता. दलपतराम कवींपासून तो गुजराती शिकला आणि त्याने 'रासमाला' हा गुजरातचा इतिहास लिहिला. गोपाळरावांनी पुढे या संस्थेच्या कार्याला बळ दिले. आज ती गुजरात विद्यासभा या नावाने चालू आहे. ज्या वर्षी एक परका न्यायाधीश गुजरातीच्या सेवेसाठी संस्था काढीत होता, त्याच वर्षी पुण्यातला एक तरुण 'प्रभाकर'साठी पहिले पत्र लिहीत होता. आणि पुढे तोच तरुण त्या परक्याच्या संस्थेचा आधार झाला. बदलीच्या माणसांनी गावाला काय द्यावे याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, हा एखाद्याच्या स्वभावाचा भाग. तर मग आणखी एका न्यायाधीशाचे नाव घेतो. सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील बंधू, १८६३ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबाद, सोलापूर, सातारा असे फिरत ते १८९७ साली निवृत्त झाले. त्यांनी काय केले? मराठी शिकून तुकारामाचे अभंग बंगालीत नेले, आणि या प्रांताचे वर्णन करणारे 'बोंबाई चित्र' बंगाली वाचकांना दिले. हा बंगाली माणूस आमच्या दाराशी आला, आमच्या देहूच्या वाण्याला ओळखून गेला आणि त्याला गंगेकाठी घेऊन गेला. आपण कानपुरात, कटकात, कोइमतूरमध्ये दहा-दहा वर्षे काढतो. तेथून मराठीत काय नेले?

उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपण तेथे मंडळ काढले. गणपती बसविला, संक्रांतीला तिळगूळ वाटला, कोजागरीला दूध आटविले, आणि वर्षातून एकदा पुण्यामुंबईहून नाटक आणविले. यात वाईट काहीच नाही. परगावी चार माणसे आपल्या भाषेत हसतात यापरते सुख कोणते? पण एवढ्यावर थांबलेले मंडळ म्हणजे परमुलखात बांधलेला एक वाडा होय. दिंडीदरवाजा आतून बंद, आणि बाहेरच्या रस्त्याचे नावही आतल्यांना ठाऊक नाही. ज्या गावात पन्नास वर्षे मंडळ आहे, त्या गावातल्या एकाही कवीला त्या व्यासपीठावर कधी बोलावलेले नाही, अशी मंडळे आपण पाहिली नाहीत काय? मी पाहिली आहेत.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू.

पहिला आक्षेप नेहमीचा: सरकारी नोकराचे हात नियमांनी बांधलेले असतात. मी कारकून आहे; नियमांचे पुस्तक माझ्या टेबलावर असते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ सालचे आहेत. त्यांचा पाचवा नियम राजकीय पक्षात शिरण्यास आणि निवडणुकीत प्रचार करण्यास मनाई करतो. नववा नियम सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाही. ठीक आहे. पण पंधरावा नियम किती जणांनी वाचला आहे? मानधन न घेता केलेले सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे काम, आणि प्रसंगोपात्त केलेले वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय काम, यांस पूर्वपरवानगी लागत नाही, असे तो नियम सांगतो. अट एवढीच, की त्याने कचेरीच्या कामात व्यत्यय येऊ नये. वाङ्मयीन वा धर्मादाय संस्थेच्या व्यवस्थेत भाग घेण्यासही तो आडकाठी करीत नाही. तसे वरिष्ठांस कळविले म्हणजे झाले. म्हणजे गोपाळरावांनी अहमदाबादेत जे केले त्यातील बहुतेक सर्व काही आज मला, एका सामान्य कारकुनाला, उघडपणे करता येते. गोपाळरावांना टोपणनाव घ्यावे लागले. आपल्याला तेवढेही नको. नियम आपल्याला अडवीत नाहीत. आपणच नियमांच्या आड उभे राहतो.

दुसरा आक्षेप: ते न्यायाधीश होते, रावबहादूर होते, आम्ही साधी माणसे, आमचे कोण ऐकतो? या आक्षेपाला गोपाळरावांचे चरित्रच उत्तर देते. शतपत्रे लिहिली तेव्हा ते न्यायाधीश नव्हते. पंचविशीतला एक भाषांतरकार ब्राह्मणांच्या आळसावर, स्त्रियांच्या दुःस्थितीवर, विद्येच्या अनास्थेवर लिहीत होता. इतकेच नव्हे, तर हिंदुस्थानच्या कारभारासाठी येथे पार्लमेंट असावे अशी मागणी राणीकडे करावी, असा विचार त्याने त्या पत्रांतून मांडला. १८४८ साली! काँग्रेसचा जन्म सदतीस वर्षे दूर होता. अधिकार मिळाल्यावर विचार सुचतात असा नियम असता तर आपल्या खात्यांतून एव्हाना कितीतरी लोकहितवादी निवृत्त झाले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोपाळराव परकीय राज्याचे चाकर होते. ज्या इनाम कमिशनने दक्षिणेतील असंख्य घराण्यांची वतने तपासली आणि पुष्कळांची खालसा केली, त्याच्या खात्यात त्यांनी काम केले. इंग्रजी राज्याविषयी त्यांनी लिहिलेले काही आज वाचवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्यावर जो भडिमार केला त्याला या बाजूने आधार होता. लिहिण्याप्रमाणे वागणे त्यांना सर्वत्र साधले नाही, हा ठपकाही त्यांच्या हयातीपासून त्यांच्यावर आहे. यातील काहीच मी नाकारीत नाही. पण १८७६ साली, न्यायासनावर असतानाच, त्यांनी 'हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याची कारणे' या विषयावर पुस्तक लिहिले, हेही त्याच चरित्रात आहे. सरकारचा पगार घेणारा न्यायाधीश देशाच्या दारिद्र्याची कारणे छापून काढतो, याला काही किंमत आहे की नाही?

चिपळूणकरांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. तो मार्ग थोर खराच. नोकरी सोडून देशकार्य करणाऱ्याला आपण वंदन करतो. नोकरीत राहून करणाऱ्याविषयी नाक मुरडतो. आणि स्वतः मात्र नोकरीही सोडीत नाही आणि कार्यही करीत नाही. शास्त्रीबोवांच्या त्यागाचा हवाला देऊन गोपाळरावांना उणे ठरविण्याचा अधिकार ज्याला असेल त्याने तो अवश्य बजावावा. तुम्हांआम्हांला तो नाही. आपला राजीनामा अजून लिहावयाचा आहे.

आता कायदेमंडळाकडे येऊ. १८७९ साली, नाशकास जॉइंट सेशन्स जज्ज असताना, गोपाळराव निवृत्त झाले, आणि १८८० साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. ज्याने पंचविशीत पार्लमेंटचे स्वप्न लिहिले त्याला साठीच्या उंबरठ्यावर काय मिळाले ते पाहण्यासारखे आहे. १८६१च्या कायद्याने बनलेल्या त्या मंडळात गव्हर्नर आपल्या पसंतीचे थोडे अधिक सभासद नेमी. लोकांनी निवडून दिलेला एकही नाही. सभासदाला प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. समोर आलेल्या विधेयकावर मत द्यावे आणि घरी जावे. प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा मर्यादित हक्क १८९२च्या कायद्याने आला, आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला गोपाळराव वारले. त्यांच्या वाट्याला खुर्ची आली, वाणी आली नाही.

अशा खुर्चीत बसून दुसरा कोणी सरदारकीचे मानपान सांभाळीत राहिला असता. गोपाळरावांनी पुन्हा लेखणी उचलली. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. १८८३ साली गोपाळरावांची 'ग्रामरचना' आणि 'स्थानिक स्वराज्यव्यवस्था' ही पुस्तके बाहेर आली. मोठ्या मंडळात जे बोलता येत नाही ते गावाच्या पंचायतीत बोलता यावे, आणि त्यासाठी गावकऱ्याला आपल्याच भाषेत माहिती मिळावी, ही त्यामागची दृष्टी मला दिसते. न्यायाधीश म्हणून त्यांनी गाव पाहिले, कायदेमंडळाचे सभासद म्हणून गव्हर्नरचे दालन पाहिले, आणि दोन्ही पाहिल्यावर त्यांची लेखणी गावाकडे वळली.

आपली गोष्ट याच्या नेमकी उलट. त्यांना नव्हता तो मताचा अधिकार आपल्याला आहे. आणि तोच आपण सर्वांत आधी टाकून देतो. आपले नाव सांगलीच्या वा साताऱ्याच्या मतदारयादीत, देह कानपुरात. मतदानाच्या दिवशी गावी जाणे होत नाही, आणि येथे नाव नोंदविलेले नाही. माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे त्याने नाव नोंदवावे, असे १९५०चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो. ज्या वर्तणूक नियमांचा आपण एवढा धाक घेतो त्यांनीही मतदानाचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला आहे. मत कोणास दिले वा देणार ते सांगू नये, इतकेच. निवडणुकीच्या कामावर आपण मतदानकेंद्रावर रात्र काढतो, दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावतो, आणि आपले बोट वर्षानुवर्षे कोरे राहते. गव्हर्नरने नेमलेल्या त्या मुक्या सभासदाहून आपण अधिक मुके आहोत, आणि तेही स्वेच्छेने.

शेवटचा आक्षेप मराठीच्या प्रेमापोटी येतो: परभाषेत असे मिसळलो तर आमच्या मुलांची मराठी जाईल. भाषा जाते ती दुसरी भाषा शिकल्याने जात नाही. आपल्या भाषेत नवे काही न आणल्याने ती सुकते. गोपाळरावांनी गुजरातीत लिहिले म्हणून मराठीत कमी लिहिले काय? त्यांनी गुजरातचा आणि सौराष्ट्राचा इतिहास मराठीत लिहिला, म्हणजे बदलीच्या गावाचे धन आपल्या घरी आणले. पुढच्या शतकातही ही परंपरा दिसते. साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजराती गद्याचे एक मोठे लेखक ठरले. १९६५ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार गुजराती ग्रंथासाठी मिळाला. गणेश वासुदेव मावळंकर हे मूळचे रत्नागिरीकडचे. अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष, मुंबई विधानसभेचे सभापती, आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. आपल्या तुरुंगातील अनुभवांचे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले. यांपैकी कोणाचे मराठीपण कमी झाले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

मागणी मोठी नाही. ज्या गावी बदली झाली तेथील भाषेचे वर्तमानपत्र वर्षाच्या आत वाचता यावे. तेथील एका ग्रंथालयाचे वा संस्थेचे सभासद व्हावे, आणि बैठकीस जावे. मतदारयादीत तेथे नाव नोंदवावे. मंडळाच्या व्यासपीठावर वर्षातून एकदा तरी त्या गावच्या लेखकाला मानाने बसवावे. आणि त्या गावाविषयी, तेथील न्यायालय, बाजार, शेती, कवी, कशाहीविषयी, एक तरी भरीव लेख मराठीत लिहून अशाच एखाद्या मासिकाकडे पाठवावा. दर तीन वर्षांनी आपल्यापैकी हजारो माणसे गाव बदलतात. प्रत्येकाने एकेक लेख आणला तर भारताच्या प्रत्येक जिल्ह्याचे मराठी दप्तर एका पिढीत तयार होईल, आणि त्यासाठी कोणत्याही खात्याची मंजुरी लागणार नाही.

बदलीचा हुकूम वरून येतो. त्यात गावाचे नाव असते, रुजू होण्याची तारीख असते, प्रवासभत्त्याचा उल्लेख असतो. त्या गावात परक्यासारखे राहावे असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. ते कलम आपण स्वहस्ते जोडले आहे. ते खोडून टाकण्याचा अधिकारही आपलाच आहे.